आमची वाटचाल : सुईचं टोक कुठे आहे?

भोसरीच्या गाळ्यात आम्ही सोनोग्राफीखाली सुई घालण्याच्या सरावाचे फँटम, म्हणजे शरीराच्या ऊतींची नक्कल करणारे ठोकळे, बनवतो आणि घालणाऱ्याच्या हाताचं कसब मोजतो. सुरुवातीचा माल जिलेटिनचा, त्यात इसबगोल. त्याशिवाय पडद्यावर ऊतींसारखा दाणा येत नाही. मिश्रण कोमट झाल्यावरच इसबगोल घाला, गरम असताना घातलंत तर सगळं तळाला बसेल. मशीन आवाजाचा वेग सेकंदाला 1540 मीटर धरून चालतं, मालात तो चुकला की खोली चुकली.

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे नोंदणी नसलेल्याला सोनोग्राफी मशीन मिळत नाही. म्हणून रविवारी बर्फाच्या पेटीत फँटम घेऊन एसटीने मिरज गाठायचं. तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडम आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, अजूनही आहेत.

सुई कुठे फिरते ते कळावं म्हणून तिच्या मुठीवर चुंबकी सेन्सर बसवला तो माझ्या भागीदाराने, मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्टीलच्या टेबलावर आकडे भरकटायचे, तेव्हा त्यानेच सुताराकडून बिनखिळ्यांचं सागवानी टेबल करून घेतलं.

मग एका बड्या रुग्णालयाने वर्षभर फुकट डेमो घेतले, ‘ऑर्डर तुमचीच’ म्हणाले. आम्ही कर्ज काढून सेन्सर मागवले आणि टेंडर गेलं दुसऱ्याला. त्यांचं यंत्र मोजायचं फक्त वेळ! घाईघाईत भोसकणारा शिकाऊ पहिला, टोक नजरेआड न होऊ देणारे सीनियर खाली. हे आम्ही लेखी कळवलं, उत्तर नाही. बँकेचे हप्ते थकले, गाळ्याला कुलूप लागायचंच बाकी होतं. भागीदाराने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, हे मला नंतर कळलं.

मॅडमनी आगाऊ पैसे दिले, पण अट घातली: शिकाऊ आणि मुरलेले यांच्यात फरक दाखवत नाही तो आकडा फेकून द्या. मग टोक किती वेळ पडद्यावर दिसलं, सुई किती वेळा मागे घेतली, हात एकूण किती फिरला, हे मोजायला लागलो. शिवाय नावं झाकलेले व्हिडिओ दोन परीक्षकांना वेगवेगळे तपासायला देतो. टोरँटोवाल्यांनी शल्यकौशल्यासाठी 1997 साली मांडलेल्या ओसॅट्स या परीक्षापद्धतीच्या धर्तीवर गुण. दोघांचं जुळलं नाही तर दोष परीक्षापत्रिकेत शोधा, डॉक्टरात नव्हे.

त्या रुग्णालयातलं यंत्र आता बंद पडलंय. दुरुस्तीसाठी आम्हालाच फोन आला. कोटेशन पाठवलंय, ॲडव्हान्स आल्याशिवाय पेचकस उचलणार नाही.