नवा कोच आला, आता तरी जिंकाल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर विचारणारे तुम्ही एकटे नाही. मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, ऑफिसात सोमवारी विचारतात, आणि पुण्याहून आईसुद्धा विचारते: "काय गं, तुमच्या पर्ड्यूने कोच बदलला ना? मग आता तरी जिंकाल का?" आईला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. रविवारी फोनवर मुलीचा आवाज पडलेला असतो, एवढंच तिला कळतं.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: इतक्यात नाही. पण शेजाऱ्यांनी, म्हणजे इंडियाना विद्यापीठाने, गेल्या दोन वर्षांत असं काही करून ठेवलंय की थोडक्यात उत्तर देऊन आता भागत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा, अमेरिकेचा स्वतःचा. पर्ड्यू हे इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफियेट गावातलं विद्यापीठ. मी २०१६ मध्ये मेकॅनिकलमध्ये एमएस करायला तिथे गेले. १९२४ पासून उभ्या असलेल्या रॉस-एड स्टेडियममध्ये साठेक हजार माणसं मावतात. अख्ख्या गावाची वस्तीही तेवढी नाही.

कोचचं एवढं काय, असंही विचारता तुम्ही. क्रिकेटमध्ये हरलं की आपण कॅप्टनच्या नावाने खडे फोडतो. इथे कॅप्टन कोण हे पुष्कळांना सांगता येणार नाही. सगळं कोचभोवती फिरतं. बारावीतली पोरं शोधायची, त्यांच्या आईवडिलांना जाऊन भेटायचं, बाकीचे डझनभर कोच नेमायचे, चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातल्या शेवटच्याला) किक मारायची की धोका पत्करायचा ते ठरवायचं. आता त्यात ट्रान्सफर पोर्टलची भर. खेळाडू एका कॉलेजातून उठून सहज दुसऱ्या कॉलेजात जातात. २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी कॉलेजमागे साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. त्यामुळे कोच बदलला की नुसता माणूस बदलत नाही, सगळं बिऱ्हाडच बदलतं.

मी गेले तेव्हा डॅरेल हेझेल कोच होते. चार सीझनमध्ये ९ विजय, ३३ पराभव. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. आमच्या लॅबमधल्या अमेरिकन मुलांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे पाहिलं ते मला तेव्हा उमगलं नव्हतं. सुटका झाल्यासारखे दिसत होते, आणि कुणाची तरी नोकरी गेल्यावर आपल्याला बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. आता तो चेहरा मी स्वतःच करते.

मग जेफ ब्रोम आले. पहिल्याच वर्षी सातवा विजय बोलमध्ये मिळवला. बोल म्हणजे सीझन संपल्यावर बऱ्या संघांना मिळणारी मानाची मॅच. आणि २० ऑक्टोबर २०१८ ची ती रात्र. समोर ओहायो स्टेट, देशात दुसऱ्या क्रमांकावर, अजून एकही मॅच न हरलेले. मी तोवर इंडियानापोलिसला नोकरीला लागले होते. गाडी काढून गेले, ती हरायच्या तयारीनेच. जिंकलो, ४९-२०. टायलर ट्रेंट नावाचा आमचा एक विद्यार्थी हाडाच्या कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात होता. पर्ड्यू जिंकणार, असं त्याने मॅचआधी टीव्हीवर सांगून टाकलं होतं, आणि त्या रात्री तो स्टेडियमवर हजर होता. १ जानेवारी २०१९ ला तो गेला. विद्यार्थ्यांच्या प्रवेशद्वाराला आज त्याचं नाव आहे. त्या रात्री मुलं कठडे ओलांडून मैदानात उतरली तेव्हा मी वरच उभी होते, शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते आणि ते "शहाण्णव, शहाण्णव" असलं काहीतरी म्हणत होते. कुठलं साल, कुठली मॅच, शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या रात्रीपासून मी या टीमची झाले. त्याआधी नुसती तिकीट काढून बघणारी होते.

२०२२ संपता संपता ब्रोम लुईव्हिलला गेले. ते त्यांचं गाव, त्यांचं कॉलेज. माहेरची हाक आल्यावर कोण थांबतं? राग धरता आला नाही, हेच जास्त लागलं. त्यांच्या जागी रायन वॉल्टर्स आले, वय ३६, डिफेन्समधलं मोठं नाव. पहिल्या वर्षी चार विजय. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, पहिली मॅच ४९-० ने जिंकलो आणि उरलेल्या अकराच्या अकरा हरलो. शेवटची इंडियाना विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्या ब्लूमिंग्टन गावात, ६६-०. दुसऱ्याच दिवशी वॉल्टर्सना काढलं.

आता शेजाऱ्यांकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

इंडियाना विद्यापीठ आमच्याच राज्यातलं, आमचं सख्खं वैरी. दरवर्षी दोघांत एका जुन्या लाकडी बादलीसाठी मॅच होते, १९२५ पासून. ओल्ड ओकन बकेट म्हणतात तिला. जो जिंकेल त्याच्या अक्षराची एक कडी बादलीच्या साखळीत वाढते, त्यांची आय, आमची पी. आमचं काहीही झालं तरी एक गोष्ट पक्की होती: फुटबॉलमध्ये इंडियाना आमच्यापेक्षा वाईट. देशातल्या सगळ्या मोठ्या संघांत सर्वात जास्त पराभव तेव्हा त्यांच्या नावावर होते. आम्ही आरामात म्हणायचो, आमच्याकडे नील आर्मस्ट्राँग शिकला, आम्ही इंजिनियर घडवतो, बास्केटबॉल खेळतो, आणि फुटबॉलचं म्हणाल तर लेन डॉसन, बॉब ग्रीसी, ड्रू ब्रीस इथलेच. क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूचं, माहेरघर आहे हे. बाकी या असल्या राज्यात, असल्या बजेटात फुटबॉलमध्ये याहून जास्त काही होत नसतं.

मग २०२३ च्या अखेरीस त्यांनी कर्ट सिग्नेटी यांना आणलं. वय ६२, आधी जेम्स मॅडिसन विद्यापीठात. आल्या आल्या हा गृहस्थ बास्केटबॉलच्या मॅचमध्ये माइक घेऊन उभा राहिला आणि सगळ्यात आधी आमच्या नावाने बोटं मोडली. आम्ही हसलो. सोबत त्याने जुन्या कॉलेजातले तेरा खेळाडू आणले होते. आदल्या वर्षी ३-९ असलेली टीम पहिल्या वर्षी ११-२ झाली. दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेती. जानेवारी २०२६ मध्ये अंतिम मॅचमध्ये मायामी विद्यापीठाला २७-२१ ने हरवलं. वाटेत, नोव्हेंबरमध्ये, आमच्याच मैदानावर आम्हाला ५६-३ ने धुतलं. थंडीत मी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बसले. पुढच्या रांगेतल्या, इंडियानाच्या लाल स्वेटशर्टवाल्या बाईंनी थर्मासमधलं हॉट चॉकलेट मला देऊ केलं, अगदी मनापासून. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना शिव्या घालत आलो, आणि आता त्यांना आमची कीव येत होती.

मला सांगायचंय ते एवढंच. त्यांनी आमची बादली नेली याचं काही नाही, आमची सबब नेली. नवा कोच आला की पूर्वी आम्ही आशा धरायचो, ती कशी, तर काही झालं नाही तरी चालेल अशी. चार-पाच वर्षं द्यावी लागतात, त्याची स्वतःची मुलं मोठी व्हावी लागतात, हे सगळ्यांना मान्य असायचं. आता ताशी शंभर किलोमीटरने दीड-दोन तासांत पोहोचाल एवढ्या अंतरावर पुरावा उभा आहे की दोन वर्षांत होतं.

आणि आमचे बॅरी ओडोम? २०२४ च्या डिसेंबरमध्ये आले. आधी मिझुरी विद्यापीठात चार सीझन होते: २५ विजय, २५ पराभव. इतका समतोल हिशेब मी फक्त ऑडिटरकडे पाहिलाय. पण लास व्हेगसच्या यूएनएलव्ही विद्यापीठात त्यांनी केलं ते खरंच मोठं होतं. तिथे २०१३ नंतर पराभवांपेक्षा विजय जास्त असा सीझन झाला नव्हता. ओडोमनी लागोपाठ दोन वर्षं त्यांना कॉन्फरन्सच्या, म्हणजे ज्या गटात ते खेळतात त्याच्या, अंतिम मॅचपर्यंत नेलं. इकडे आल्यावर त्यांना टीम जवळजवळ नव्याने भरावी लागली. गेल्या वर्षी पहिल्या मॅचला मी फोनवर खेळाडूंची यादी उघडी ठेवून बसले होते, कारण पाठीवरचे नंबर ओळखीचे आणि माणसं सगळी परकी.

शेवटी हिशेब २-१०, आणि बिग टेनमध्ये, म्हणजे आमच्या कॉन्फरन्समध्ये, शून्य. (या बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत. विचारू नका.) २०२३ च्या नोव्हेंबरपासून आम्ही कॉन्फरन्समधली एकही मॅच जिंकलेली नाही. तरी तुम्ही विचारताय म्हणून सांगते, २०२४ चं हरणं आणि २०२५ चं हरणं एक नव्हतं. मिशिगनमध्ये जाऊन हरलो ते २१-१६. रटगर्सविरुद्ध २७-२४, तेही अगदी शेवटच्या किकवर. २०२४ मध्ये हाफटाइमला लोक पार्किंगमध्ये दिसायचे. गेल्या वर्षी काही मॅच तरी अशा होत्या की चौथ्या क्वार्टरमध्ये पोटात गोळा यायचा. पोटात गोळा येणं ही पर्ड्यूवाल्यांच्या दृष्टीने प्रगतीच आहे.

माझं मत विचाराल तर सिग्नेटी हा अपवाद आहे, नियम नव्हे. त्याच्या मोजपट्टीने ओडोमना मोजलं तर पुढच्या वर्षी आणखी एक कोच, परत सगळी यादी नवी, परत मी फोन उघडून बसलेली. त्यांना तीन वर्षं द्यावीत. देणगीदार देतील का, ते सांगता येत नाही, त्यांच्या ऑफिसातही कुणीतरी इंडियानावाला बसलेला असणारच.

या सीझनला मला बिग टेनमधला एक विजय हवा आहे. कुणाविरुद्धही चालेल. आपली ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चेंडूवाल्यापुढे ढाल होणारी पोरं, तिसऱ्या डाउनला दोन यार्ड ढकलून नेते हे एकदा डोळ्यांनी बघायचंय. सीझन तिकिटं काढलीत, एक जास्तीचं आहे, यायचं तर सांगा. बादलीची मॅच मात्र यंदा ब्लूमिंग्टनला आहे. तिथे मी येणार नाही. तेवढी आशा अजून जमलेली नाही.