कऱ्हाडचा शोध आणि आमच्या गटातील एक नोंद: ओपन सोर्स कामाचा माझा अनुभव

कोल्हापुरातील सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या ज्या गटात मी काही वर्षांपासून जाते, त्याचे स्वरूप अगदी साधे आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी राजारामपुरीतील एका क्लासच्या खोलीत आम्ही जमतो, कोणीतरी आपल्या चालू कामातील एखादा भाग दाखवतो आणि उरलेला वेळ सर्वांना खुल्या असलेल्या एका स्प्रेडशीटवर जातो. मदत हवी असलेले प्रकल्प, अभ्यासाचे साहित्य आणि इंटर्नशिप, शिष्यवृत्त्या व नोकऱ्या यांच्या मुदती अशा नोंदी त्यात असतात. प्रत्येक नोंदीपुढे ती करणाऱ्याचे नाव असते, आणि जो संधीची नोंद करतो त्याने विचारायला येणाऱ्याला निदान पहिल्या पायरीपर्यंत सोबत करायची, असा गटाचा नियम आहे. ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही पाहता व बदलता येणाऱ्या खुल्या कोडच्या, प्रकल्पांवर मानधन देऊन काम करण्याची संधी देणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या कार्यक्रमात माझी निवड झाली ती या नियमामुळेच, असे मी मानते. मोठ्या शहराबाहेर राहून नोकरी सांभाळणाऱ्यांना ती वाट कशी दिसते, हे कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हा कार्यक्रम 2005 मध्ये सुरू झाला आणि दीर्घकाळ तो केवळ विद्यार्थ्यांसाठी होता. 2022 पासून ही अट सैल झाली आणि 18 वर्षे पूर्ण झालेल्या, ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या नोकरदारांनाही अर्ज करता येऊ लागला. ही बातमी आमच्याकडे कॉलेजच्या नोटीसबोर्डावरून येणे शक्यच नव्हते, कारण तो बोर्ड वाचण्याचे आमचे दिवस मागे पडले होते. ती शीटमध्ये आली आणि तिच्यापुढे ज्या दादांचे नाव होते, त्यांना मी बैठक संपल्यावर गाठले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, "प्रस्ताव नंतर लिही. आधी एक लहानसा बदल पाठव आणि तो स्वीकारला जाईपर्यंत मागे लाग."

बदलाचा विषय शोधावा लागला नाही, कारण तो माझ्या रोजच्या कामात होता. मी ज्या कंपनीत काम करते ती पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते, आणि सभासदांच्या यादीत 'कऱ्हाड' असा पत्ता शोधला की काही सभासद सापडत आणि काही सापडत नसत. पडद्यावर दोन्ही नोंदी अक्षरशः सारख्या दिसत. एका रविवारी दादांनी दोन्ही शब्द माझ्या लॅपटॉपवर वर्णसंकेतांत, म्हणजे संगणक प्रत्येक चिन्हासाठी वापरतो त्या क्रमांकांत, उलगडून दाखवले. एका नोंदीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह होते. दुसऱ्या नोंदीत युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतावलीतील 0931 क्रमांकाचा स्वतंत्र ऱ आणि हलन्त होता. म्हणजे संगणकाच्या हिशेबाने पहिल्या कऱ्हाडची लांबी 7 आणि दुसऱ्याची 6. ही दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य नाहीत, त्यामुळे एनएफसी हे प्रमाणीकरण (सुटी चिन्हे शक्य तेथे एका संकेतात जोडणे) करूनही ती एक होत नाहीत. उलट एनएफडी हे चिन्हे सुटी करणारे प्रमाणीकरण केले तर दुसऱ्या रूपातील ऱ फुटून र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा होतो, आणि शोधणाऱ्यासमोर तिसरेच रूप उभे राहते.

अशी जोडरूपे मराठीत थोडी नाहीत. 'ॲप' या शब्दातील पहिले अक्षर 2008 च्या युनिकोड 5.1 पासून 0972 या एका संकेतात मिळते, पण जुन्या मजकुरात ते अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असते. असे शब्द शोधताना एकत्र यावेत, यासाठी मराठीचे वेगळे नियम हवेत, आणि येथेच प्रश्न खरा गुंतागुंतीचा होतो. शोधासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अपाचे लुसीन या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) हिंदीसाठी नियमसंच आहे. तो जॉइनर काढून टाकतो, ऱ चा र करतो, चंद्राची मात्रा करतो आणि दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतो. हिंदी मजकुराच्या दृष्टीने यातील बरेचसे सोयीचे आहे. तेच नियम मराठीला लावले तर मात्र दऱ्या आणि दर्या एक होतात, बॅट आणि बेट एक होतात, आणि आचाऱ्यास बोलावले की आचार्यास, हे शोधयंत्राला कळेनासे होते. आपल्या भाषेसाठी कोणीतरी बसून हे काम करायला हवे, ही जाणीव मला त्या सकाळी तीव्रतेने झाली, आणि आजही ती तशीच आहे.

मी ज्या शोधप्रकल्पात काम केले, त्यात पॅच, म्हणजे कोडमधील बदल, पाठवण्याआधी इश्यू, म्हणजे अडचणीची जाहीर नोंद, उघडून चर्चा करण्याची पद्धत होती. इश्यू कसा लिहावा, हे मला गटातील एका ताईंनी शिकवले. आधी घडणारी गोष्ट, मग अपेक्षित गोष्ट, मग कोणालाही स्वतःच्या संगणकावर पाहता येईल अशी चार ओळींची कृती, असा त्यांचा क्रम होता, आणि तक्रारीचा सूर कोठेही असू नये यावर त्यांचा कटाक्ष होता. चाचण्यांसाठी शब्द जमवण्याचे काम तर अख्ख्या गटाने केले. कोणी गोऱ्हे आणि बऱ्हाटे ही आडनावे दिली, कोणी वऱ्हाड आणि तऱ्हा, तर कोणी 'अर्हता' सुचवला, कारण तेथे रफार हवाच आणि नव्या नियमाने त्याला धक्का लागता कामा नये. हा शेवटचा शब्द माझ्या मते त्या यादीतील सर्वांत मोलाचा होता. नियम कोठे लागू होऊ नये, याची चाचणी नसेल तर मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, पॅचवर विश्वास ठेवायला आधारच उरत नाही.

रिव्ह्यू, म्हणजे पॅचची तपासणी, संथ गतीने झाला आणि त्यातील बहुतेक शेरे कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) संदेश, त्याच्या शेवटी लागणारी साइन-ऑफची (कोड देण्याचा हक्क असल्याच्या ग्वाहीची) ओळ आणि चाचण्यांची मांडणी यांबद्दल होते. एक शेरा मात्र विषयाच्या मुळाशी जाणारा होता. नेपाळी भाषेवर काम करणाऱ्या एका सहभागीने लक्षात आणून दिले की नेपाळीत जॉइनरचे रूप सर्रास वापरले जाते, तेव्हा ते चुकीचे समजून मूळ मजकुरातच बदलू नये. त्यावरून नियम फक्त शोधासाठी बनवलेल्या शब्दांच्या अनुक्रमणिकेला आणि शोधशब्दाला लावायचा, साठवलेला मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, असे ठरले. हे उत्तर मला एकटीला सुचले असते असे वाटत नाही. पॅच स्वीकारला गेला आणि आमच्या पतसंस्थांच्या यादीतील कऱ्हाडचे सगळे सभासद एका शोधात येऊ लागले.

प्रस्तावाचा अनुभव वेगळा होता. पहिल्या वर्षी माझी निवड झाली नाही. प्रत्येक संस्थेला मर्यादित जागा मिळतात आणि त्या वर्षी मराठीपेक्षा निकडीचे विषय त्यांच्यापुढे होते, असे मेंटॉरने, म्हणजे संस्थेतील मार्गदर्शकाने, स्पष्टपणे कळवले. दरम्यान मी लहान पॅच पाठवत राहिले, रिकाम्या वेळी इतरांचे पॅच तपासत राहिले, आणि पुढच्या वर्षी 175 तासांच्या मध्यम आकाराच्या प्रकल्पासाठी पुन्हा अर्ज केला. या वेळी गटात प्रस्ताव ओळीओळीने वाचला गेला. सर्वांत जास्त खोडाखोड वेळापत्रकात झाली. मराठीतील विभक्ती प्रत्यय काढून मूळ शब्दापर्यंत पोहोचणे, म्हणजे 'घराच्या', 'घरांतून', 'घरासमोरील' यांवरून 'घर' मिळवणे, हे मी एका टप्प्यात धरले होते. सामान्यरूप, त्याला जोडून येणारे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांचे वेगळे टप्पे करावेत आणि प्रत्येक टप्प्याअखेर वापरता येण्याजोगे काहीतरी हाती असावे, असा सल्ला मिळाला. प्रस्तावाला त्यामुळे बळ आले.

नोकरदारांनी एक गोष्ट आधीच करून ठेवावी. आपल्या नियुक्तीपत्रात सॉफ्टवेअरच्या मालकीचे कलम कसे लिहिले आहे ते पाहावे आणि कामाच्या वेळेबाहेर ओपन सोर्ससाठी लिहिलेल्या कोडबद्दल कंपनीची लेखी संमती घ्यावी. मी ती अर्ज करण्यापूर्वी घेतली. मानधन पेओनीअर या ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्या सेवेमार्फत येते, त्यामुळे तेथील खाते आणि बँकेची कागदपत्रे यांवरील नाव तंतोतंत जुळते का, हेही वेळीच तपासावे.

निकाल मे महिन्यात लागला. सुरुवातीचे काही आठवडे मेंटॉर आणि प्रकल्पातील इतरांशी ओळख करून घेण्यासाठी असतात. त्यानंतर कोडिंगचा काळ, मध्यावर एक मूल्यमापन आणि अखेरीस दुसरे. माझे संध्याकाळचे तास आणि रविवार त्यात गेले. प्रत्ययांच्या टप्प्यात 'मुलाखतीला' या शब्दाचा 'मुल' होऊ नये, 'पुण्याला' मधून 'पुणे' मिळावे, अशा अडचणी रोज येत, आणि त्या मी बैठकीत फळ्यावर मांडत असे. व्याकरणाची उत्तम जाण असलेले एक निवृत्त शिक्षक त्या काळात आपल्या मुलाबरोबर बैठकीला येत असत. सामान्यरूपाचे नियम त्यांनी ज्या क्रमाने सांगितले, त्याच क्रमाने ते कोडमध्ये आहेत.

आता शीटमध्ये ओपन सोर्सच्या नोंदीपुढे दादांच्या नावाशेजारी माझेही नाव आहे. चाचणीच्या शब्दांची फाईल गटाच्या रिपॉझिटरीत (कोडच्या ऑनलाइन साठ्यात) खुली ठेवली असून, क्रियापदांची रूपे हा त्यातील सर्वांत अपुरा भाग आहे. सध्या इचलकरंजीहून येणारा एक विद्यार्थी त्यावर काम करत आहे आणि त्याचा पहिला इश्यू आम्ही येत्या बैठकीत वाचणार आहोत.