डिस्क वाकली नव्हती

शनिवारी सकाळी शटर वर केलं तर दारात पिंपळगावची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ उभी. चालवणारा द्राक्ष बागायतदाराचा मुलगा, पंचविशीतला. डिकीत ब्रेकच्या नव्या डिस्कचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्यांचे, दोन खोके आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडचा सेट. "काका, पुढच्या डिस्क वाकल्यात. माल मी आणलाय, तुम्ही फक्त बसवून द्या."

ही गाडी २०२० मध्ये भारतात आली ती फक्त २०० नग. २४५ हॉर्सपॉवर. अंबडला आमच्या गॅरेजात अशी गाडी रोज येत नाही, त्यामुळे पोरं हातातलं काम टाकून भोवती जमली. मी त्याला चहा दिला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

शंभरच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचं. आठ महिन्यांपूर्वी याच तक्रारीवर दुसऱ्या एका गॅरेजात डिस्क आणि पॅड बदलून झाले होते. तीन हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली, मग थरथर परत सुरू. आणि मागच्या रविवारी आईला घेऊन सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरताना जळका वास आला आणि पेडल खोल जायला लागलं. "आई काही बोलली नाही. वरचा दांडा धरून बसली होती. खाली आल्यावर एवढंच म्हणाली, ही गाडी विकून टाक."

ते ऐकल्यावर नुसतं बसवून द्यायला मी तयार नव्हतो. आठ महिन्यांत दोनदा डिस्क वाकत नसते. आधी मोजायचं, मग खोके उघडायचे, असं मी त्याला सांगितलं. त्याला घाई होती, बागेत छाटणी चालू होती. तरी थांबला.

गॅरेज टाकण्याआधी मी सातपूरला टूलरूममध्ये होतो. तिथली सवय म्हणून डगमग मोजणारा डायल गेज आणि जाडी मोजणारा मायक्रोमीटर आजही माझ्या खणात असतात. चाक काढलं, वॉशर घालून चाकाच्याच बोल्टने डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावर, घट्ट आवळली, गेजचा मॅग्नेट शेजारच्या स्ट्रटला (शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाला) लावला आणि डिस्कच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत टोक टेकवलं. हाताने डिस्क फिरवली. काटा १२० मायक्रॉन हलला. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. पन्नासच्या वर मी काही चालवून घेत नाही. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली, तर जाड आणि पातळ जागेत ३० मायक्रॉनचा फरक. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्याच्या निम्म्याहून कमी. पण तेवढाच फरक दर फेऱ्याला पॅड दाबणारा पिस्टन मागेपुढे ढकलतो आणि तो धक्का हातापर्यंत येतो.

डिस्कचा बारका स्क्रू जाम झाला होता, इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवला. डिस्क ओढून काढली आणि सगळं समोर आलं. हबच्या तोंडावर गंजाची खपली, एका बाजूला नखभर पट्टा, दाबून दाबून दगडासारखा झालेला. मागच्या वेळी त्या खपलीवरच नवी डिस्क आवळली होती. डिस्क सरळ होती, बसली तिरकी. तिरकी डिस्क दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते, ब्रेक न लावताही. हजारो किलोमीटर तसं घासलं की तिथली जाडी बदलते. तीन हजार किलोमीटर सुख आणि मग थरथर, याचा हिशोब तिथे लागला. नाशिकच्या पावसात गाडी उघड्यावर राहिली की कुठल्याही कंपनीच्या हबवर गंज चढतो. तो साफ करायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

वायर ब्रश, पॉलिश पेपर, मग फडकं. उघड्या हबवर गेज लावला: १५ मायक्रॉन. नव्या डिस्कचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने धुऊन ती बसवली: ३०. डाव्या बाजूलाही तीच कथा निघाली. पॅड धरणारे कॅलिपर ऑइलच्या होजवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधले, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साध्या ग्रीसने ते रबर फुगतं.

घाटातल्या पेडलचं कारण वेगळं होतं. माणसं धरून सतराशे किलोची गाडी शंभरवरून थांबवली तर दोन लिटर पाणी उकळीला येईल इतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते. घाटात तर ब्रेकला निवायला उसंतच नसते. जुने पॅड तापून काचेसारखे चकाकत होते. ब्रेक ऑइल काळपट, कधी बदललं त्यालाही आठवेना. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांपर्यंत तरी उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पाय आत जातो. चारही चाकांचं ब्लीडिंग केलं, म्हणजे जुनं ऑइल आणि अडकलेली हवा बाहेर काढली. "उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने खालच्या गिअरवर ये," एवढं मी त्याला दोनदा सांगितलं.

चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप केलं. रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे बघून, नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून ऐंशीवरून वीसपर्यंत दहा वेळा ब्रेक लावले, एकदाही पूर्ण न थांबता. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथे ठसा उमटतो आणि थरथरीला नवं कारण मिळतं. मग दहा मिनिटं ब्रेकला न शिवता गाडी फिरवत ठेवली. परतताना त्याने स्टिअरिंग दोन बोटांनी धरून शंभरवरून वेग उतरवला आणि माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही.

मीच त्याला बजावलं होतं, तीन हजार किलोमीटर झाले की ये, पैसे घेणार नाही, पण मला आकडा बघायचाय. परवा आला. मागच्या सीटवर आई होती, गडावर निघाले होते. चाक काढून गेज लावला. उजवीकडे ३०, डावीकडे २५. आठही ठिकाणी जाडी सारखी.