बोव्हेचा गदाधारी बिशप

स्वस्त विमानाने पॅरिसला येणारे आपले बरेच लोक बोव्हेच्या विमानतळावर उतरतात आणि बस पकडून थेट पॅरिस गाठतात. गावात कुणी डोकावत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, अर्धा दिवस काढा. गावातलं कॅथेड्रल बघून मान दुखेल. आतलं छत सुमारे 48 मीटर उंच आहे आणि 1284 मध्ये त्याचा काही भाग कोसळलाही होता. पण माझा पाय अडतो तो त्याला चिकटून उभ्या असलेल्या दहाव्या शतकातल्या ठेंगण्या, जाड भिंतींच्या जुन्या चर्चपाशी. बाराव्या-तेराव्या शतकात फिलिप द द्रो इथला बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुख, होता तेव्हा गावचं कॅथेड्रल हेच होतं. मोठ्या कॅथेड्रलचं काम 1225 मध्ये सुरू झालं, त्याआधी आठ वर्षं तो वारला होता.

फिलिप म्हणजे राजा सहाव्या लुईचा नातू आणि राजा फिलिप ऑगस्टचा सख्खा चुलतभाऊ. थोरल्या भावाला द्रोची जहागीर मिळाली, धाकट्याच्या वाट्याला चर्च आलं. त्यातही बोव्हेचा बिशप हा तिथला काउंटही असे, म्हणजे धर्मपीठ आणि सत्ता एकाच हातात. 1175 च्या सुमारास ही गादी मिळाली आणि तिसऱ्या क्रुसेडच्या, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिश्चनांनी केलेल्या धर्मयुद्धाच्या, वेळी हा बिशप फौजेबरोबर अक्को शहराच्या (आजच्या इस्रायलमध्ये) वेढ्यात जाऊन बसला.

तिथे त्याने जे केलं ते मला आजही सलतं. 1190 मध्ये छावणीत रोगाची साथ पसरली आणि जेरुसलेमच्या ख्रिश्चन राज्याची राणी सिबिला आपल्या दोन्ही मुलींसह गेली. गादीची वारस उरली तिची सावत्र बहीण इझाबेला, वय अठरा. तिचं लग्न अकराव्या वर्षी हम्फ्री नावाच्या सरदाराशी झालेलं. तिला त्याच्याबरोबरच राहायचं होतं, हे त्या काळच्या नोंदींतून स्पष्ट दिसतं. पण सरदारांना राजा म्हणून इटलीहून आलेला कणखर सरदार कॉनराड हवा होता. मग लग्नाच्या वेळी मुलगी अजाण होती, तिची संमती नव्हती, असा मुद्दा पुढे आला. सगळ्यांत मोठा विरोध कँटरबरीच्या आर्चबिशप बाल्डविनचा होता. तो 19 नोव्हेंबरला वारला. पाचच दिवसांनी, 24 नोव्हेंबरला, फिलिपने इझाबेलाचं लग्न कॉनराडशी लावून दिलं. कॉनराडचा भाऊ पूर्वी सिबिलाचा नवरा होता, म्हणजे चर्चच्या नियमांनी हे नातंच निषिद्ध. मुलीची संमती नव्हती म्हणून पहिलं लग्न मोडायचं आणि दुसरं लावताना तिच्या मनाचा विचारही करायचा नाही! बिशपने हे करावं याचा मला राग येतो, आठशे वर्षं उलटून गेली तरी.

पुढे 28 एप्रिल 1192 ला टायर शहरात, आजच्या लेबनॉनमध्ये, इझाबेलाला हमामखान्यात उशीर झाला. भुकेला कॉनराड जेवायला या फिलिपच्याच घरी गेला. बिशपचं जेवण उरकलं होतं. कॉनराड घोड्यावरून परत निघाला आणि वाटेत दोन मारेकऱ्यांनी त्याला भोसकलं. फ्रेंच गटाने या खुनाचा आळ इंग्लंडचा राजा रिचर्ड याच्यावर घेतला आणि त्यात फिलिप पुढे होता. इझाबेला तेव्हा गरोदर होती. आठवडाभरातच तिचं शांपान्यच्या काउंट हेन्रीशी लग्न लावण्यात आलं.

रिचर्ड हे विसरला नाही. 1197 मध्ये त्याच्या माणसांनी फिलिपला चिलखतासह पकडलं. फिलिपने पोपकडे धाव घेतली, तेव्हा रिचर्डने ते चिलखतच पोपकडे पाठवलं आणि बायबलमधल्या योसेफच्या भावांनी त्याचा रक्ताने माखलेला अंगरखा बापाला दाखवून विचारलं होतं तसं विचारलं, हा तुमच्या मुलाचा अंगरखा आहे का? अशी कथा त्या काळचे बखरकार सांगतात. 1199 मध्ये रिचर्ड मेला, त्यानंतरच फिलिपची सुटका झाली.

त्यातून तो शहाणा झाला नाही. 1210 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथीयांविरुद्धच्या मोहिमेत तो तेर्म किल्ल्याच्या वेढ्यात हजर होता. आणि 27 जुलै 1214 ला फिलिप ऑगस्ट आणि इंग्लंडच्या बाजूच्या फौजा यांच्यातल्या बुव्हीनच्या लढाईत त्याने गदेच्या एका घावाने सॅलिसबरीचा अर्ल या इंग्लिश सरदाराला घोड्यावरून खाली पाडलं. पाद्र्याने रक्त सांडू नये हा चर्चचा दंडक, म्हणून तलवारीऐवजी गदा, असा अर्थ लोक लावतात. राजा फिलिप ऑगस्टचा पुरोहित गिओम या लढाईत राजाच्या मागे उभा राहून स्तोत्रं म्हणत होता. त्याने लिहून ठेवलंय की घाव घातल्यावर बिशप फिलिपने जवळच्या एका सरदाराला सांगितलं की याला तूच पाडलंस असं म्हण. आपण करतोय ते बिशपला शोभणारं नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच त्याचं कृत्य मला अधिक गंभीर वाटतं.

तो कैदी राजाने फिलिपच्या थोरल्या भावाच्या स्वाधीन केला. भावाचा मुलगा तेव्हा इंग्लंडच्या जॉन राजाच्या कैदेत होता आणि अर्लच्या बदल्यात त्याला सोडवून आणण्यात आलं.