पाड लागला की कळतं

खानापुरात एका पतसंस्थेच्या काउंटरवर मी बसते. दिवसातून कितीतरी वेळा "मॅच्युरिटी" तोंडात येतं. "मावशी, तुमच्या ठेवीची मॅच्युरिटी दिवाळीनंतर आहे." मुदत कधी भरते, असं आता खेड्यातल्या बायकाही विचारत नाहीत. तिथं माझी काही तक्रार नाही. तारीख ठरलेली, रक्कम ठरलेली.

तक्रार आहे ती माणसांना लावायच्या मॅच्युरिटीबद्दल. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला बघायला बेळगावहून पाहुणे आले होते. तिनं सरळ विचारलं, लग्नानंतर नोकरी केली तर चालेल ना? दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण मॅच्युरिटी कमी. म्हणजे तिनं विचारायलाच नको होतं! रात्री ती आईला म्हणाली, "मी अजून लहान आहे काय गं?" पंचवीस वर्षांची पोर. माझ्या पोटात कालवलं.

आपल्याकडं किती नेमके शब्द आहेत. कायद्यानं १८ व्या वर्षी माणूस सज्ञान होतो. वयात येणं शरीराचं. दुसऱ्याचं समजून घेतो तो समंजस. 'पोक्त' फारसी 'पुख्ता'वरून आला, म्हणजे शिजलेला. 'परिपक्व'मधला 'पक्व'ही शिजण्याचाच, संस्कृत 'पच्' धातूचा. 'मॅच्युरिटी'च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्दही पिकलेल्या फळाला लावत. शेजारच्या कानडी अक्का तर पिकल्या फळाला आणि जाणत्या माणसाला एकच शब्द वापरतात, 'मागिद'. यातल्या एकाही शब्दात गप्प बसणं कुठं आहे?

आमची आज्जी माळ्यावर भाताच्या पिंजरात आंब्याची आढी घालायची. रोज पहाटे पिंजर अलगद बाजूला करून एकेक आंबा हातात घ्यायची, देठाजवळ अंगठा टेकवायची, वास घ्यायची, परत झाकायची. आम्ही घाई केली की हातावर चापट. "पाड लागू दे, मग बघ." बाजारात बंदी असूनही कार्बाइडवर पिकवलेले आंबे येतात. वरून पिवळेधमक, कापले की कोयीजवळ आंबट. आज्जी असला आंबा नुसता हुंगूनच परत टोपलीत ठेवायची.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं, तेव्हा तिला आज्जीचा तो अंगठा आठवला.

येत्या रविवारी निपाणीचे पाहुणे येणार आहेत. ती तोच प्रश्न विचारणार आहे, पोह्यांच्या आधी.