पावसात कॅराव्हॅन ओढताना: माझा अनुभव आणि एक रिकामा रकाना

कॅराव्हॅन गाडीला जिथे अडकते, त्या हुकावर किती वजन येतंय? एवढा एकच प्रश्न घेऊन मी त्या वर्कशॉपमध्ये तीनदा गेले. धायरीहून थेट भोसरीच्या पुढे, त्यातले दोन दिवस भर पावसाचे. उत्तर मिळालं नाही. आता ऑगस्ट संपत आलाय, कॅराव्हॅन सुखरूप दारात उभी आहे, तरी ते दिवस आठवले की डोकं तापतं. ज्यांच्याकडे ओढायची कॅराव्हॅन आहे, त्यांनी पावसाळ्यात निघण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

आमची कॅराव्हॅन म्हणजे एका एक्सलचा, दोन चाकांचा ट्रेलर. आत दोघांची झोपायची सोय, ओटा, छोटं सिंक आणि अगदी मागच्या भिंतीला लागून ८० लिटरची पाण्याची टाकी. सामानासकट वजन ९०० किलो. ओढणारी गाडी डिझेलची, रिकामी १,७०० किलोच्या आसपास. भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी, असं नवशिक्यांना सांगतात. आमचं प्रमाण निम्म्याच्या जवळपास, त्यामुळे मी निर्धास्त होते. ट्रेलर सेकंडहँड घेतला, कागद नावावर झाले, गाडीला हुक बसवला. ते सगळं वेळेत झालं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वाईला निघालो. गाडी मी चालवते, यजमानांच्या पाठीला लांबचं ड्रायव्हिंग झेपत नाही. मागे माझी भाची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नीरेचा पूल ओलांडून शिरवळ मागे टाकलं की रस्ता उघडा पडतो. रस्ता जातो दक्षिणेला आणि पावसाळ्यातला वारा येतो पश्चिमेकडून, म्हणजे कॅराव्हॅनच्या अख्ख्या उजव्या कुशीवर. वेग ७५. उजवीकडून एक लक्झरी बस पुढे निघाली. ती शेजारी होती तोवर वारा अडला होता. बस पुढे सरकली आणि वाऱ्याचा पट्टा एकदम आदळला. कॅराव्हॅन डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग डावीकडे आणखी जास्त. प्रत्येक झोक्याला आमच्या गाडीचा मागचा भाग उचलून बाजूला ठेवल्यासारखा सरकत होता. भाची ओरडली, "मावशी, ब्रेक!"

ब्रेक मारला नाही, ते बरं केलं. अशा वेळी करकचून ब्रेक लावला तर मागचा ट्रेलर ढकलतो आणि कात्रीसारखा दुमडतो. वेग वाढवून ओढून सरळ करायचा सल्लाही अनेक जण देतात, तो तर त्याहून घातक. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरायचं, झोक्याच्या उलट फिरवत बसायचं नाही. वेग उतरला की झोके आपोआप मरतात. पन्नासच्या खाली आल्यावर ते थांबले. पुढे वाईपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी परत पुण्यापर्यंत ४५च्या वर मी गेले नाही.

आता वर्कशॉप. नाव लिहीत नाही. हुक त्यांनीच बसवला होता आणि ट्रेलरची दुरुस्तीही त्यांच्याकडेच झाली होती. ट्रेलर का झोके घेतो याचं पहिलं कारण हुकावर पुरेसा भार नसणं, हे एव्हाना माझ्या वाचनात आलं होतं. भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार हुकावर यावा लागतो. आमच्या ९०० किलोला ४५ ते ६३ किलो. हुकाच्या पट्टीवर कमाल मर्यादा ७५ किलो छापलेली. आपल्याकडे नेमका किती भार येतो, तेवढंच मला हवं होतं.

पहिल्या दिवशी तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हायवेला सगळेच ट्रेलर हलतात. तुमच्या मनात भीती बसलीय." मी म्हटलं, वजन करून दाखवा. "वजन आम्ही करत नाही." मग कोण करतं? "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." कागद माझ्या नावावर, गाडी चालवते मी, आणि समजावून सांगायचं साहेबांना.

दुसऱ्या खेपेला त्यांनी ट्रेलर खालून पाहिला. पाटे मऊ पडलेत, एक पाटा वाढवून देतो, आठ हजार होतील. आणि त्याच्यापुढे जे सांगितलं त्याचा राग अजून गेलेला नाही: "मागे थोडं वजन टाका मॅडम, म्हणजे ट्रेलर दबून चालेल." आधीच मागे ८० लिटर पाणी, त्यात आणखी वजन. मी ते ऐकलं असतं आणि खंबाटकीच्या उतारावर जोराचा वारा लागला असता, तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नीट करवत नाही.

तिसऱ्यांदा गेले ती फिटमेंटच्या, म्हणजे हुक बसवल्याच्या, कागदासाठी. त्यावर दोन रकाने छापलेले: ट्रेलरचं एकूण वजन आणि हुकावरील वजन. दोन्ही रिकामे, खाली मात्र शिक्का आणि सही. हे भरून द्या, म्हटलं. मालक जेवायला गेलेत, बसा. प्लास्टिकच्या खुर्चीवर दीड तास बसले, बाहेर पाऊस, शेजारी ग्राइंडरचा आवाज. मालक आले, कागद पाहिला आणि म्हणाले, हे रकाने कुणीच भरत नाही, फॉरमॅटमध्ये आहेत म्हणून आहेत. मला सांगा, ज्या आकड्यावर माझ्या घरच्यांचा जीव अवलंबून आहे तो रकाना रिकामा ठेवून सही करताना हात कसा धजतो? आकडा माहीत नसेल तर तसं लिहा. पण शिक्का मारू नका.

तिथून निघाले ती रागातच चाकणच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर. दोन दिवसांनी कॅराव्हॅन तिथे नेली. पद्धत सोपी वाटत होती: आधी सुटा ट्रेलर काट्यावर, मग हुक गाडीला अडकवून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. पहिली पावती ९००, दुसरी ८९०. फरक १०. पण तो काटा ६० टनांचा, ट्रकसाठीचा, १० किलोच्या पायरीने आकडा दाखवणारा. म्हणजे खरा भार १० की २० की जवळपास शून्य? मागे ट्रक हॉर्न वाजवत उभे, काट्यावरचा मुलगा म्हणतो, "काकू, आता गाडी काढा." एकूण वजनासाठी हा काटा ठीक आहे, ती पावती जपून ठेवा. हुकावरच्या भारासाठी तिथे वेळ घालवू नका.

(एक राहिलंच. कॅराव्हॅन सुटली तर तिचा हँडब्रेक ओढणारी एक बारीक वायर दांड्यावर असते. वर्कशॉपने ती हुकाच्या बॉललाच, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो त्या गोळ्यालाच, गुंडाळून दिली होती. ती गाडीच्या चासीवरच्या कडीत अडकवायची असते. बॉल निघून आला तर वायरही त्याच्याबरोबर जाईल, मग तिचा उपयोग काय? आपापली तपासा.)

शेवटी उत्तर मिळालं ते घरापासून दहा मिनिटांवर, धायरी फाट्याजवळच्या भंगारवाल्याकडे. त्यांच्याकडे ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा आहे, तांबं-पितळ मोजायचा, ग्रॅममध्ये आकडा दाखवणारा. मी संकोचतच विचारलं. "आणा की ताई, पण सपाट जागेवर लावू." सपाट हे त्यांनीच सांगितलं. ट्रेलर जेवढ्या उंचीवर गाडीला लागतो तेवढ्याच उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवला, त्यावर कपलिंग (ट्रेलरचं हुकावर बसणारं तोंड) टेकवलं, पुढचं छोटं चाक वर घेतलं. ट्रेलर सरकू नये म्हणून चाकांना आधी उटी, म्हणजे अडथळ्याचे ठोकळे, लावली. आकडा आला १२ किलो.

त्यांनी एक हात कपलिंगखाली घातला, ते सहज वर उचललं आणि म्हणाले, "ताई, ही गाडी उलाळ आहे."

उलाळ! माझे आजोबा हाच शब्द वापरायचे. बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की जू वर उचलतं, ती गाडी उलाळ. बैलाच्या मानेवर थोडा भार हवाच, नाही तर चढावर गाडी मागे उलटते. तीन खेपांत जे मला कळलं नाही ते या माणसाने एका शब्दात सांगितलं. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र आम्ही तिघांनी मिळून घेतला.

भाचीने तिथेच हिशेब मांडला. टाकी एक्सलच्या दीड मीटर मागे, हुक एक्सलच्या तीन मीटर पुढे. मागचे ८० किलो पुढे हुकावरून ४० किलो उचलतात. टाकी रिकामी केली, पुन्हा टेकवलं: ५२ किलो. साधारण मधोमध. आता आम्ही रिकाम्या टाकीने निघतो आणि पाणी मुक्कामी भरतो. डबे, गॅसची शेगडी, जड सगळं एक्सलच्या वर आणि जमिनीलगत. वरच्या कपाटात फक्त पांघरुणं. सामान बदललं की काट्यावर पुन्हा जाते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वाई. जाताना काही घडलं नाही. परतीच्या दिवशी घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट होता, म्हणजे २४ तासांत ११५ ते २०४ मिलिमीटर पावसाचा अंदाज. आम्ही एक दिवस थांबलो. यजमानांची दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती, ती रद्द केली. सर्वांत मोठी सुरक्षा मला यातच वाटते: मुक्काम वाढवायची तयारी ठेवूनच निघायचं. उभ्या कॅराव्हॅनचं तोंड वाऱ्याकडे केलं, चारही पाय खाली टेकवले, बाहेरचा तंबू काढून ठेवला आणि झाडापासून लांब राहिलो. २०२०च्या निसर्ग वादळात पुण्यात किती झाडं पडली ते आम्ही पाहिलंय.

निघालो तेव्हा पाऊस होताच, वारा मात्र पडला होता. वेग ५०. पुढच्या वाहनापासून अंतर सहा आकडे मोजण्याइतकं. डाव्या लेनमध्ये ट्रकांच्या चाकांनी चर पडलेत, त्यात पाणी साचतं. तिथे स्टिअरिंग हलकं वाटलं की टायर पाण्यावर तरंगतोय असं समजा आणि फक्त पाय काढा. टायरवरून आठवलं: नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे चार अंक वाचा. आमच्या ट्रेलरच्या टायरवर ३८१५ होतं, म्हणजे २०१५ सालचा ३८वा आठवडा. बाजूला भेगा पडल्या होत्या. दोन्ही बदलले.

खरी कसोटी कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना लागते. हा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ला एका अवजड वाहनाने इथेच ४०हून जास्त गाड्यांना धडक दिली होती. कॅराव्हॅनचे ब्रेक धक्क्यावर चालतात: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. म्हणून उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तर दोघांचेही ब्रेक तापतात. बोगद्यातच वेग ४०वर आणला, तिसरा गिअर टाकला, बाहेर पडताच दुसरा, आणि मधूनमधून छोटा, ठाम ब्रेक. मागून हॉर्न वाजत होते. वाजू दिले. पुलाखाली आलो तेव्हा यजमानांनी काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो सांगायला मी लाजणार नाही.

घरी आल्यावर त्या फिटमेंटच्या कागदावरचे दोन्ही रकाने मी निळ्या पेनाने भरले. ८२०, टाकी रिकामी असताना. आणि ५२.

निघण्याआधी मागचे दिवे एकाने मागे उभं राहून बघायचे. पावसात सात पिनांच्या सॉकेटमध्ये पाणी जातं, आमचा डावा इंडिकेटर भरभर मिचकायला लागला होता. पिना पुसून थोडं व्हॅसलीन लावलं, तेव्हापासून त्रास नाही. गॅसचा नॉब सिलिंडरवरून बंद. आणि भंगारवाल्याकडे काट्यासाठी जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर मालाचे टेम्पो लागतात आणि ट्रेलर वळवायला जागा उरत नाही.