गिफ्ट

भाची जर्मनीत शिकते. परवा दुपारी तिने फोटो पाठवला. कसल्याशा डब्यावर कवटी आणि खाली ठळक अक्षरांत 'गिफ्ट'. मी आपली विचारतेय, कुणाला देणार आहेस गं? तर म्हणे, "मावशी, इथे गिफ्ट म्हणजे विष!"

झालं, दुपारची झोप गेली. बसले शब्दकोश काढून.

दोन्ही गिफ्ट सख्खी भावंडंच, 'देणे' या एकाच घरातली. ग्रीक वैद्य मोजून द्यायचे त्या औषधाला 'दोसिस' म्हणत, म्हणजे नुसतं 'देणं'. तो शब्द लॅटिनमार्गे आला, तेव्हा जर्मनांनी त्याच्यासाठी आपला गिफ्ट वापरला. पुढे औषध गळून पडलं आणि विष तेवढं उरलं. हा दोसिस म्हणजेच आपला डोस, आणि मुळात तो आपल्या 'दान'चा भाऊबंद. म्हणजे पोलिओचा डोस आणि कन्यादान एकाच गोत्रातले! स्वीडिश लोकांनी तर कमाल केलीय. त्यांच्याकडे गिफ्ट म्हणजे विष, आणि लग्न झालेला माणूसही गिफ्टच. (उच्चार 'यिफ्ट'.) हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. पेपराआडून नको इतक्या जोरात हसू आलं.

आमच्याकडे गिफ्ट नव्हतं, आहेर होता. मांडवाच्या कोपऱ्यात काका लाल कापडी बांधणीची वही मांडीवर घेऊन बसत. नाव, गाव, '११ रुपये', 'स्टीलचा डबा, झाकणासह'. डब्यावर देणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी घातलेलं असे. मला त्या टिंबांवरून बोट फिरवायचा नाद होता, अजून आहे. पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की आई आधी वही काढायची. अकराला अकरा दिले तर बरं दिसत नाही, पंधरा द्यायचे. देणं लागतो आपण, म्हणायची.

ती वही माझ्याकडेच आहे. शब्दकोश मिटला आणि माळ्यावरून ती काढली. जर्मनमध्ये हुंड्याला 'मिटगिफ्ट' म्हणतात, हे वाचल्यापासून तिचं मागचं पान डोळ्यांपुढे येत होतं. 'ताईस दिले' असा मथळा, काकांचं वळणदार अक्षर. पाटल्या दोन. समई जोडी. पितळी घंगाळ. रोख १,५०१.

आत्या वर्षाच्या आत परत आली. घंगाळ तिकडेच राहिलं.